पदवी कोणती घ्यावी? – बारावीनंतरच्या निर्णयाचा एक विचार

बारावीचा निकाल जाहीर झाला की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत काही दिवस एकच विषय चालतो. मुलाने वा मुलीने पुढे काय करावे? रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात हीच चौकशी होते, नातेवाईक फोनवरून हाच सल्ला देतात, आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे तो विद्यार्थी बहुधा सर्वांत कमी बोलतो. प्रवेशाच्या मुदती जवळ आलेल्या असतात. त्यामुळे पुढील तीस-चाळीस वर्षांवर परिणाम करणारा निर्णय आठ-दहा दिवसांत, शेजाऱ्याच्या मुलाने काय घेतले हे पाहून उरकला जातो.

२०२५ साली राज्यातील बारावीचा निकाल ९१.८८ टक्के लागला. दहापैकी नऊ मुले उत्तीर्ण होतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याचाच दुसरा अर्थ असा की उत्तीर्ण होणे ही आता वेगळी ओळख राहिलेली नाही. पदवीच्या बाबतीतही आपण त्याच स्थितीकडे वेगाने जात आहोत. म्हणून ‘पदवी मिळेल का?’ हा प्रश्न मागे पडून ‘या पदवीनंतर काय?’ हा प्रश्न पुढे आला आहे. त्याचा शांतपणे विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पदवी आणि नोकरी यांतील अंतर

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ मध्ये भारतातील रोजगाराविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ साली देशातील पदवीधर तरुणांमधील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये ते केवळ ३.४ टक्के होते.

हे आकडे वाचून ‘मग शिकून उपयोग काय?’ असे कोणी म्हणू लागले तर तो निष्कर्ष चुकीचा ठरेल. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर करतो. पदवीधर मात्र काही काळ घरच्यांच्या आधारावर योग्य कामाची वाट पाहतो. शिक्षणाने मिळकत वाढते हे आजही खरे आहे. तथापि, हे आकडे आपल्याला एक गोष्ट स्पष्टपणे सांगतात. पदवी हातात पडली म्हणजे नोकरी दारात येते, हा आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीचा अनुभव आता आधाराला घेता येत नाही.

केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात पदवी पातळीवरील ३४.२ टक्के विद्यार्थी कला शाखेत, १४.८ टक्के विज्ञानात, १३.३ टक्के वाणिज्यात आणि ११.८ टक्के अभियांत्रिकी व तंत्रज्ञानात होते. म्हणजे बहुसंख्य विद्यार्थी सर्वसाधारण पदव्या घेतात. या पदव्या टाकाऊ आहेत असे आम्ही मुळीच मानत नाही. मात्र त्या एकट्या पुरत नाहीत. त्यांना एखाद्या कौशल्याची, अनुभवाची वा पुढील शिक्षणाची जोड लागते, आणि ती जोड कोणती हे पहिल्याच वर्षी ठरवावे लागते, तिसऱ्या वर्षाचा निकाल लागल्यावर नव्हे.

संगणकाकडे धाव

अभियांत्रिकीला जाणाऱ्या बहुतेकांना आज संगणकशास्त्र हवे असते. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या महाविद्यालयांसाठी एका शाखेतील जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली. साहजिकच अनेक संस्थांनी संगणक, विदा विज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्ता या शाखांच्या जागा वाढवल्या. जागा वाढल्या म्हणजे प्रवेश सुलभ झाला, हे खरे. पण चार वर्षांनी त्याच शाखेचे कितीतरी अधिक पदवीधर एकाच वेळी बाजारात उभे राहतील, हेही तितकेच खरे.

दुसरीकडे, नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांचे गणित बदलले आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीची कर्मचारीसंख्या २०२३-२४ या आर्थिक वर्षात तेरा हजारांहून अधिकने घटली, आणि जुलै २०२५ मध्ये तिने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आल्यापासून नवशिक्या प्रोग्रामरकडे दिली जाणारी अनेक सोपी कामे यंत्राकडे सोपवता येऊ लागली आहेत.

याचा अर्थ संगणक शाखा घेऊ नये असा नाही. ज्याला गणिताची ओढ आहे, जो तासन्तास एका अडचणीशी झुंजू शकतो, त्याला तेथे आजही स्थान आहे आणि उद्याही राहील. परंतु ‘सर्व जण घेतात म्हणून’ ती घेणाऱ्या, गणितात कच्च्या विद्यार्थ्याची मधल्या मध्ये कोंडी होण्याचा संभव आहे. विद्युत, यंत्र आणि स्थापत्य या जुन्या शाखांकडे पाठ फिरवण्याआधी आपल्या परिसरात चाललेली रेल्वेची, रस्त्यांची, पुलांची आणि घरबांधणीची कामे एकदा डोळ्यांखालून घालावीत.

मे २०२५ मध्ये निवड झाल्यानंतर पोप लिओ चौदावे यांनी आपण हे नाव का घेतले हे कार्डिनलांना सांगितले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कारखानदारीच्या युगातील कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले होते, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रम व मानवी प्रतिष्ठा यांपुढे तसाच प्रश्न उभा राहिला आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ख्रिस्तसभेच्या प्रमुखालाच ज्या बदलाची दखल घ्यावीशी वाटली, तो बदल आपल्या घरातील बारावीच्या विद्यार्थ्यालाही लागू आहे.

वाणिज्य आणि कला : नावापेक्षा आशय

आपल्या भागात वाणिज्य शाखेकडे मोठा ओढा असतो. बी.एम.एस., बी.बी.ए., बी.सी.ए. या अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून महाराष्ट्रात सीईटी द्यावी लागते. ती न दिल्यामुळे ऐनवेळी अडलेली मुले अनेक आहेत. काही महाविद्यालयांनी त्याच धर्तीचे अभ्यासक्रम वेगळ्या नावाने सुरू ठेवले आहेत. म्हणून नावाच्या झगमगाटाला न भुलता, प्रत्यक्ष काय शिकवले जाते आणि पदवीपत्रावर काय छापून येते, हे विचारून घ्यावे.

साध्या बी.कॉम.बरोबर सी.ए.ची वाट आजही खुली आहे. ती कष्टाची आहे आणि अनेक जण मध्येच थांबतात. पण तिचा खर्च खाजगी व्यवस्थापन महाविद्यालयाच्या मानाने फार थोडा आहे. २०२३ मध्ये लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणला गेला. ज्याची चिकाटी दांडगी आहे, पण घरची ऐपत बेताची आहे, त्याच्यासाठी ही वाट मोलाची आहे. सी.ए. पूर्ण झाले नाही तरी हिशेब, जीएसटी आणि प्राप्तिकर यांचे पक्के ज्ञान असलेला तरुण रिकामा बसत नाही.

कला शाखेविषयी आपल्या समाजात विनाकारण कमीपणाची भावना आहे. ज्याला विज्ञान-वाणिज्य मिळाले नाही त्याने कलेकडे जावे, ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भाषा, समाजकार्य हे विषय ठरवून घेतले तर त्यांतून उत्तम मार्ग निघतात. मुंबईतील निर्मला निकेतन ही संस्था १९५५ पासून समाजकार्याचे शिक्षण देत आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केल्यापासून या क्षेत्रात प्रशिक्षित माणसांची गरज वाढली आहे. मानसशास्त्र घेणाऱ्यांनी मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केवळ बी.ए. करून समुपदेशक होता येत नाही, त्यासाठी पुढील शिक्षण लागते. शिवाय २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने हा विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली आहे.

शासकीय सेवेत आपली मुले कमी दिसतात, ही खंत आपल्या सभासंमेलनांत वारंवार व्यक्त होते. ती रास्त आहे. परंतु मुलांना या परीक्षांकडे वळवताना वास्तवही सांगायला हवे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी सुमारे दहा लाख अर्ज आले आणि अखेरीस १,००९ उमेदवारांची निवड झाली. तयारी अवश्य करावी, पण हाती पोट भरण्याजोगी पदवी ठेवून, आणि किती वर्षे प्रयत्न करायचा हे आधी ठरवून. बँक, रेल्वे, पोलीस, न्यायालये आणि महापालिका यांतील पदांकडेही त्याच आदराने पाहावे.

ज्या वाटांकडे आपण पाहत नाही

आरोग्यसेवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केवळ डॉक्टर येतो. एम.बी.बी.एस.ची जागा मिळाली नाही म्हणून खचून जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगायला कोणीतरी हवे की रुग्णालय एकट्या डॉक्टरवर चालत नाही. चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग, तीन वर्षांचे जी.एन.एम., फिजिओथेरपी, क्ष-किरण व प्रयोगशाळा तंत्रज्ञान, डायलिसिस, नेत्रतपासणी, शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञान असे अनेक मार्ग आहेत. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यामुळे या व्यवसायांना कायद्याची मान्यता आणि नोंदणीची चौकट लाभली आहे. वांद्र्याचे होली फॅमिली आणि अंधेरीचे होली स्पिरिट या आपल्याच रुग्णालयांनी परिचारिकांच्या पिढ्या घडवल्या आहेत. मुलगेही आता या क्षेत्रात येत आहेत, त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

दुसरी वाट आय.टी.आय. आणि डिप्लोमाची. दहावीनंतर आय.टी.आय. करणाऱ्याला पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमा करणाऱ्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे जो मुलगा हाताने काम करण्यात रमतो, त्याची पदवीची वाट बंद होत नाही. उलट, तो पदवीपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्या बोटांत कसब असते. एकेकाळी आपल्या ख्रिस्तसभेने मुंबईत आग्नेल, डॉन बॉस्को, सेंट झेवियर्स यांसारख्या संस्थांतून तंत्रशिक्षणाचा पाया घातला, तो याच श्रद्धेने की हाताच्या श्रमाला प्रतिष्ठा आहे. नाझरेथच्या सुताराला वंदन करणाऱ्या समाजाने फिटर आणि इलेक्ट्रिशियनला कमी लेखू नये.

नव्या शैक्षणिक धोरणानेही काही दारे उघडली आहेत. २०२४-२५ पासून आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ते लागू झाले. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स अशी त्याची रचना आहे. मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याची मुभा आहे. शिकाऊ उमेदवारी जोडलेल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी आयोगाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही काढली. अशा अभ्यासक्रमात विद्यार्थी ठराविक काळ प्रत्यक्ष उद्योगात काम करतो आणि विद्यावेतन मिळवतो. आपल्या महाविद्यालयात ही सोय आहे का, हे प्रवेशापूर्वी विचारावे.

समुद्राशी नाते असलेल्या आपल्या किनारपट्टीवर जहाजावरील नोकरीचे आकर्षण मोठे आहे. इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीच्या प्रवेश परीक्षेतून नौकानयन आणि सागरी अभियांत्रिकीच्या पदव्यांना रीतसर प्रवेश मिळतो. मात्र याच क्षेत्रात दलालांचाही सुळसुळाट आहे. केंद्र सरकारच्या नौवहन खात्याची मान्यता संस्थेला आहे की नाही, आणि नोकरी देणाऱ्या कंपनीकडे भरतीचा परवाना आहे की नाही, हे तपासल्याविना एकही रुपया देऊ नये. पालघर जिल्ह्यात ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याला स्थानिक मच्छीमारांचा तीव्र विरोध आहे आणि त्यांच्या उपजीविकेची चिंता खरी आहे. बंदरामुळे होणाऱ्या लाखो नोकऱ्यांच्या घोषणा ऐकून आजच एखादी पदवी निवडणे मात्र घाईचे ठरेल. नोकऱ्या स्थानिकांना मिळतील की नाही, हे त्या वेळी स्थानिकांच्या हाती कोणते कौशल्य असेल यावरही अवलंबून राहील.

परदेशाचे बदललेले दार

गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांतून कॅनडा, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया येथे शिकायला जाणाऱ्यांची रीघ लागली. कित्येकांनी तेथे उत्तम जम बसवला आहे. परंतु २०२४ पासून नियम कडक झाले आहेत. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तेथील अनेक पदविका अभ्यासक्रमांनंतर कामाचा परवाना मिळेल की नाही, हे घेतलेल्या विषयावर ठरू लागले. इंग्लंडने जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत नेण्याची मुभा काढून घेतली, आणि शिक्षणानंतर तेथे राहण्याची मुदत २०२७ पासून दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणण्याचे ठरवले. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले.

तेव्हा वाडी गहाण ठेवून एखाद्या अनोळखी महाविद्यालयातील एका वर्षाच्या पदविकेला मुलाला धाडण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरील नियम स्वतः वाचावेत. दलालाचे बोलणे हा पुरावा नव्हे. जर्मनीसारख्या देशात शासकीय विद्यापीठांचे शिक्षणशुल्क बहुतांशी नाममात्र आहे आणि विद्यावेतनासह व्यावसायिक प्रशिक्षणाची जुनी पद्धत आहे. पण तेथे भाषा आल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. ज्याला त्या वाटेने जायचे आहे त्याने अकरावीपासूनच जर्मन शिकायला घ्यावी.

पैशाचा हिशेब

समजा, एखाद्या कुटुंबाने दहा लाखांचे शैक्षणिक कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे १३,२०० रुपये होतो आणि परतफेड एकूण १५ लाख ८५ हजारांच्या घरात जाते. शिकत असतानाच्या काळातले व्याज त्यात धरलेले नाही. आता पहिला पगार वीस हजार असेल, तर त्या तरुणाच्या हाती काय उरते? हा हिशेब प्रवेशाच्या आधी, मुलाला समोर बसवून, कागदावर मांडावा. मुलापासून तो लपवू नये.

महाराष्ट्रात देणगी घेऊन प्रवेश देण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते पाहता येते. त्याहून अधिक मागणी झाल्यास पावती मागावी. पावती नाकारली जाणे हेच पुरेसे उत्तर असते.

सवलतींची माहिती नसल्यामुळेही आपली कुटुंबे नुकसान सोसतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून घ्यावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला आणि खाजगी विद्यापीठांना ही सवलत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक नामांकित संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणाविना कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत मिळू शकते. ख्रिस्ती अल्पसंख्याक महाविद्यालयांत आपल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. या सर्वांसाठी उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि आवश्यक ते इतर दाखले लागतात. निकालानंतर तहसील कार्यालयात रांग लावण्यापेक्षा ही कागदपत्रे दिवाळीतच तयार करून ठेवावीत.

निवड करताना विचारायचे प्रश्न

आम्ही पालकांना आणि विद्यार्थ्यांना पाच प्रश्न सुचवू इच्छितो. पहिला, ही पदवी घेतल्यावर मला नेमके कोणते काम करता येईल? दुसरा, ते काम देणारे कोण आहेत, आणि या महाविद्यालयातून मागील वर्षी प्रत्यक्ष कोणाला काम मिळाले? जाहिरातीतील सर्वांत मोठ्या पगाराला भुलू नये, मधल्या विद्यार्थ्याला काय मिळाले ते विचारावे. तिसरा, वसतिगृह, प्रवास आणि व्याज धरून एकूण खर्च किती? चौथा, हे क्षेत्र मला मानवले नाही तर पुढे कोणती दारे उघडी राहतील? पाचवा, आणि सर्वांत महत्त्वाचा, मला हा विषय झेपतो का व आवडतो का? प्रत्येकाला वेगळे तालांत मिळालेले असतात. दुसऱ्याचे तालांत पाहून आपले मातीत पुरण्याची चूक होऊ देऊ नये.

या कामात धर्मग्रामालाही वाटा उचलता येईल. १९१८ साली, साधने तुटपुंजी असताना, आपल्या पूर्वजांनी बॅसीन कॅथॉलिक बँक उभी केली. त्यांच्या वारसांना दर जानेवारीत प्रत्येक धर्मग्रामात एक मार्गदर्शन सभा भरवणे अवघड नाही. त्या सभेला बाहेरचे वक्ते नकोत. आपल्याच गावातील परिचारिका, अभियंता, सी.ए., वकील, खलाशी, शिक्षक आणि इलेक्ट्रिशियन यांना बोलवावे, आणि त्यांनी आपल्या कामाचा दिवस कसा असतो, पहिला पगार किती होता, अडचणी कोणत्या आल्या, हे मोकळेपणाने सांगावे. पॅरिश कौन्सिलने आणि युवा संघटनेने यात पुढाकार घ्यावा. कागदपत्रांच्या कामात मदत करणारे दोन स्वयंसेवक नेमले, तरी कित्येक घरांचे पैसे आणि वर्षे वाचतील.

पालकांना अखेरीस एक विनंती. आपली राहून गेलेली स्वप्ने मुलांवर लादू नका, आणि ‘तुला हवे ते कर’ असे म्हणून जबाबदारीही झटकू नका. त्यांच्याबरोबर बसा, हिशेब करा, चौकशी करा आणि मग निर्णय त्यांना घेऊ द्या. चुकीच्या शाखेत गेलेले एक वर्ष भरून काढता येते. पण आपल्यावर कोणाचा विश्वास नाही, ही जखम दीर्घकाळ राहते. प्रामाणिक कामाने स्वतःचे घर चालवणारा आणि शेजाऱ्याच्या उपयोगी पडणारा तरुण, मग त्याची पदवी कोणतीही असो, हीच आपल्या धर्मग्रामांची खरी श्रीमंती आहे.